साळूच्या कपाळावरचे हात

सारजाबाईनं पेटत्या चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. राखेचा लोट उठला, मंजुळीच्या तोंडावर बसला, खाली कढईतल्या डाळीत पडला.

"घरात माता आली आन् तू फोडणी टाकतीस? डोळं फुटलं का तुझं?"

"कोण माता?"

"पोरीची पाठ बघ जरा. पुरळ उठलंय. आता फोडणी नाय, तळण नाय, दवापाणी नाय. बाई स्वतःहून जाईस्तवर पोरगी उंबऱ्याभाईर न्यायची नाय."

मी कुंपणापलीकडं राहते. त्यांच्याकडं कुणी खोकलं तरी मला ऐकू येतं. हा दंगा ऐकून मी गेले.

सारजाबाईचा हात

साळू मंजुळीची लेक. दात येत होते, चार पावलं टाकायला लागली होती. तिला ताप आला तसा सासूनं कपाळाला हात लावला आणि घोंगडीत गुंडाळून ठेवली. भादव्यातलं ऊन, वर पाऊस पडून गेलेला, काळी माती वाफा सोडतेय. अशा उकाड्यात मेंढरांच्या लोकरीची जाड घोंगडी! खिडकीत पोतं कोंबलं. कोपऱ्यात ओल्या लिंबाच्या पाल्याचा धूर केला. पोरगी घामानं भिजली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा भिजली. मग पाठीवर, गळ्याच्या वळ्यांत लाल बारीक पुरळ उठलं.

मी म्हटलं, "सारजाबाई, घामोळ्या हायती या. माझ्या पाठीवर बी अशाच हायती."

"मंग तुझ्या अंगात बी माताच आली असंल. जा, तू बी निज लिंबाच्या पाल्यात!"

बाया हसल्या. घरात बाया बऱ्याच जमल्या होत्या. मातेच्या पायी येतात तशा आल्या होत्या, म्हणजे दहीभात खायला. द्रोणातला दहीभात आंबला होता, त्याच्यावर माश्या, तिथून त्या पोरीच्या ओठांवर. कुणी हाकलत नव्हतं. मातेच्या घरी माशी मारत नाहीत म्हणे.

सारजाबाई मधोमध पाय पसरून बसली होती. एवढा मान तिला लग्नात मिळाला नव्हता.

भागूबाईचा हात

ही माता उतरवणारी. तिच्या हाताला मिश्री होती. तोच हात तिनं साळूच्या कपाळावरून फिरवला, काळा पट्टा उठला. मग तोंड जवळ नेऊन तोंडावर फुंकर घातली. 

"बाई थंड व्हतीय," ती म्हणाली. "बघा कशी गाढ निजलीय. काल रडत व्हती, आज हुं का चूं नाय."

"निजली नाय वो मावशे," मंजुळी म्हणाली. "उठंना झालीय. हालवलं तर डोळं उघडती, लगीच मिटती. सकाळधरनं थानाला लागंना. पाणी घातलं तर गालातून वघळतंय. दुपटं कोरडं हाय."

"बाईला तहान नसती."

"आन् ही बरगडीखाली खळी पडतीय, ही बाईला पडती व्हय?"

भागूबाईनं मानाचा चोळीचा खण पदराखाली सरकवला आणि सारजाबाईकडं बघितलं. "तुझी सून लई बोलती गं."

"बापानं शिकवलीय ना तिसरीपोतूर," सारजाबाई म्हणाली. बाया पुन्हा हसल्या.

त्रिंबकचा हात

त्रिंबक, मंजुळीचा नवरा. मेंढरं चारून आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. बाहेरून आलेल्या गड्यानं मातेजवळ जायचं नसतं. म्हणून हात नाही.

"गाडी बघता का? पाचोडला दवाखान्यात न्यायची हिला," मंजुळी म्हणाली.

"आय काय म्हणती?"

"तुमी काय म्हणता?"

त्यानं आईकडं बघितलं, मग पायाकडं. मग म्हणाला, "आय म्हणंल तसं."

"कोकरू आचळाला तोंड लावंना झालं की तुमी कुणाला इचारता का वो? काखंत मारून दवाखाना गाठता. तवा नाय आय आठवत?"

"कोकराला माता येत न्हाई."

असं तो खरंच म्हणाला. मी तिथं होते.

मंजुळीचा हात

तिनं कपाळाला हात लावलाच नाही. ताप किती आहे हे सगळ्यांनी तपासून झालं होतं. तिनं घोंगडी काढून फेकली, पोरगी उताणी केली आणि पोटावर तळवा ठेवून बसली. पोट भात्यासारखं उडत होतं. श्वास आत घेताना नाकपुड्या फुगत होत्या. बाहेर पडताना बारीक कण्हल्यासारखा आवाज. तिनं नखानं तळपायाला टोचलं. पाय जेमतेम हालला.

ती उठली. पोरगी ओल्या फडक्यात घेतली.

सारजाबाई दारात आडवी झाली. अक्षरशः आडवी, उंबऱ्यावर डोकं टेकून. "मला वलांडून जा. मातेला उंबऱ्याभाईर काढलीस तर घराला आग लागंल!"

ओलांडून जायची कुणाची छाती नव्हती, मंजुळीचीही नाही. ती वळली. घराची मागची बाजू मेंढरांच्या वाड्यात उघडते. तिथं दार नाही, पत्रा आहे. तिनं तो पायानं पाडला.

"आत्याबाई, हिकडं उंबराच नाय. तुमची माता हाय तिथंच राहू द्या."

गुडघाभर लेंड्यामुताच्या राड्यातून ती निघाली. मेंढरं बिचकून एकमेकांवर चढली. मी पलीकडून वाड्याच्या तोंडाला लावलेली बाभळीची काटी ओढली, हाताला काटे बसले. पाचोडचा बाजार होता त्या दिवशी. बन्सीचा टेम्पो सडकेला उभाच होता, शेळ्यांनी भरलेला.

"मंजुळाबाई, अंगाला वास येतुया तुमच्या," बन्सी म्हणाला.

"घरचा हाय. चल."

मी तिच्याबरोबर चढले. मागं त्रिंबक आला का, हे कुणी विचारू नका.

डॉक्टरीणबाईचा हात

तिनंही आधी हात लावला नाही. झबलं वर करून नुसती बघत राहिली, घड्याळ धरून. मग विचारलं, "पिते का? लघवी कधी केली? जागी करून बघितलं का?"

मंजुळीनं सगळं सांगितलं.

"छातीत न्यूमोनिया आहे. पाठीवर आहेत त्या घामोळ्या." सुई देता देता ती बोलत होती. "ताप नुसता अंगात भरला आणि मूल खेळतंय, पितंय, तर एक वेळ वाट बघता येते. पिणं बंद झालं, जागं होईना, श्वासाला खळी पडली, आकडी आली, तर तापाचा आकडा बघत बसू नका. तान्ह्या बाळाला ताप आला तर वाटच बघायची नाही. आज रात्र हिनं घरी काढली नसती."

मग दवाखान्याच्या गाडीनं औरंगाबादला नेलं. पोरगी वाचली. नाकात नळी, हाताला सलाईन, पण वाचली. ज्या दिवशी तिनं आईचा कान ओढला त्या दिवशी मंजुळी रडली. त्याआधी नाही.

पुढचं

मायलेकी घरी आल्या तर सारजाबाईनं गावजेवण घातलेलं. "माझ्या भक्तीनं बाई पोरीला सोडून गेली," असं सांगत लोकांना वाढत होती. दवाखान्याचं नाव नाही. भागूबाईला नवं लुगडं. त्रिंबक पत्रावळी टाकत होता.

मी जेवले नाही. पत्रावळीवर हात धुतले आणि उठले.

दिवाळीला सारजाबाईची लेक लक्ष्मी माहेरी आली, कडेवर पोरगा. संध्याकाळी त्याचं अंग तापलं. मंजुळीनं त्याला मांडीवर घेतलं, वाटीनं दूध पाजलं. घटाघटा प्यायला. तिच्या लुगड्यावर मुतला. वाटी हिसकून चाटायला लागला.

"पितोय, हसतोय, श्वास साफ हाय," ती म्हणाली. "अंग पुसून घिऊ. रातच्याला लक्ष ठिवू, नाय उतरला तर सकाळी जाऊ."

"सकाळी?" सारजाबाई किंचाळली. "लेकरू तापानं फणफणलंय आन् सकाळी? त्रिंबक! बन्सीला उठव! टेम्पो काढ म्हणावं!"

"आत्याबाई, पाठ तर बघा. पुरळ हाय का, माता हाय का..."

"गप गं! पोरगा हाय त्यो!"

त्रिंबक धावत गेला. कुणाला न विचारता.

टेम्पो आला. सारजाबाई नातवाला पोटाशी धरून पुढं बसली, त्याच उंबऱ्यावरून भरभर उतरून. मंजुळी साळूला कडेवर घेऊन वाटेत उभी होती. बन्सीनं भोंगा वाजवला, तशी ती बाजूला सरली. चाकाखालचा चिखल उडाला, तिच्या तोंडावर, साळूच्या पायांवर.

तिनं पदरानं पोरीचे पाय पुसले. तोंड तसंच ठेवलं.