आजोळची पाठ

ऑफिसात फोन करायची द्वारकाबाईंना सक्त मनाई होती. पलीकडे लंडनची माणसं असतात, मध्येच आईचा आवाज आला तर बरं दिसत नाही, हे दीपमालानं त्यांना चारचारदा समजावलं होतं. तरी नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी दुपारी त्यांनी हिंजवडीला फोन लावलाच, आणि लेकीनं उचलताच हॅलोसुद्धा न म्हणता ओरडल्या, "दीपे, तुझा मामा सापडला!"

दीपमालाच्या एका कानात लंडनचा माणूस तिकिटांच्या प्रोग्रॅममधल्या चुका वाचून दाखवत होता आणि दुसऱ्या कानात आई.

"कोण मामा? वसंतमामा हरवला होता का?"

"माझा भाऊ नव्हे गं! तुझा. तुझा सख्खा मामा. संस्थेतल्या बाईंचा फोन आला होता. रविवारी येतोय तो. वाशीमकडचा आहे. दशरथ नाव. आणि ऐक, त्याची पाठसुद्धा तशीच आहे!"

लंडनच्या माणसाला दीपमालानं काय उत्तर दिलं ते तिला पुढे कधी आठवलं नाही. ती उठून जिन्यात गेली आणि सहा मजले उतरली. चढूनही आली. आनंद झाला की बसून राहणं तिला जमत नसे आणि तिची पाठही त्या बाबतीत तिच्यासारखीच होती.

दीपमाला तेव्हा तेहतीस वर्षांची होती. तीन महिन्यांची असताना कोंडीराम आणि द्वारकाबाईंनी तिला संस्थेतून घरी आणलं. कोंडीराम खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. तिथल्या क्वार्टर्समध्ये ती वाढली. आपण दत्तक आहोत हे तिला सातव्या वर्षापासून माहीत होतं, कारण द्वारकाबाईंनी ते वाढदिवसाच्या शिऱ्याबरोबरच सांगून टाकलं होतं. तिला कधी कमी पडलं नाही आणि म्हणून तिनं कधी शोधही घेतला नाही.

शोध घ्यायला लावला तो पाठीनं. बाविसाव्या वर्षी दुखायला लागली. रात्री तीन-चारला जाग यायची, आणि सकाळी अंथरुणातून उठायचं म्हणजे गंजलेलं फाटक उघडायचं. दुपारपर्यंत सगळं सैल, की पुन्हा रात्र. शनिवार पेठेतल्या एका डॉक्टरांनी तपासून विचारलं होतं, "कम्प्युटरवर बसता ना? मग पाठ दुखणार नाही तर काय गाणार?" खुर्ची बदलून झाली, गादी बदलून झाली, नवस झाला. सात वर्षांनी एका सांधेतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी रक्त आणि एक्स-रे पाहून आजाराचं नाव सांगितलं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. मणके हळूहळू एकमेकांना चिकटत जातात. बरा होत नाही, पण औषधं आणि रोजच्या व्यायामानं आवरून ठेवता येतो. या सात वर्षांत सांगून आलेली दोन स्थळं परत गेली होती, एक दत्तक म्हटल्यावर आणि एक पाठ म्हटल्यावर. तिसऱ्याला तिनंच नको म्हटलं.

"घरात कुणाला आहे का असं?" डॉक्टरीणबाई दर वेळी विचारत, आणि दीपमाला दर वेळी सांगे, "माहीत नाही." एका खेपेस द्वारकाबाई सोबत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माहीत नाही, माहीत नाही, हे किती वर्षं सांगायचं? माहीत करून घेऊ." त्याच आठवड्यात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मायलेकी संस्थेत गेल्या. नावगाव सांगता येणार नाही, पण आपल्या बाजूनं पत्र पाठवून बघू, असं तिथल्या बाई म्हणाल्या. चार महिने काहीच नाही. आणि मग हा फोन.

रविवारी सकाळी शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवर तिघंही सहालाच हजर. द्वारकाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. कोंडीराम म्हणाले, "तू त्याला बघायला आली आहेस की दाखवायला?" त्या म्हणाल्या, "आपण गप्प बसावं."

"ओळखायचं कसं पण?" दीपमालानं तेवढ्यात दहाव्यांदा विचारलं. फोटो नव्हता. निरोपात एवढंच होतं, की मामा आणि त्यांची मुलगी येताहेत.

वाशीमची गाडी लागली. माणसं, पिशव्या, पोतडी उतरली. त्या गर्दीत पाठमोरा एक माणूस होता, पन्नाशीचा, धोतर-सदरा, कमरेतून पुढे कललेला. मागून कंडक्टरनं हाक मारली, "ओ काका, पिशवी राहिली!" कोणीही अशा वेळी मान वळवून बघेल. हा माणूस पायांपासून वळला. आधी टाचा, मग कंबर, खांदे, आणि सगळ्यांच्या शेवटी चेहरा.

दीपमाला स्वतः गेली चार वर्षं अशीच वळत होती. रस्ता ओलांडताना, लिफ्टमध्ये, कोणी हाक मारली की. ऑफिसातली पोरं तिला गमतीनं रोबो म्हणत. दुसऱ्या कुणाला असं वळताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"आई, ते बघ! ते!" ती ओरडली आणि पळतच सुटली.

मामा बिचारे गडबडले. हात जोडून म्हणाले, "नमस्कार मॅडम."

"मॅडम काय मामा! दीपमाला."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. बघायला त्यांना गुडघे थोडे वाकवून अंग मागे रेलावं लागलं, कारण मान वर होत नव्हती. "ताईचंच नाक हाये," एवढंच ते म्हणाले, आणि पिशवीतली तुरीची डाळ तिथंच फलाटावर द्वारकाबाईंच्या हातात द्यायला लागले.

त्यांच्या मागे श्रद्धा उभी होती. सतराची, अकरावीत शिकणारी, दोन वेण्या घातलेली, पुणं बघायला मिळतंय म्हणून डोळे लकाकणारी. तेच नाक तिलाही होतं.

बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये पोहे झाले, चहा झाला, पुन्हा चहा झाला. मामा आधी खुर्चीच्या कडेला बसून होते. पण दीपमालानं "सकाळी किती वेळ आखडता हो तुम्ही?" असं विचारलं मात्र, आणि त्यांची जीभ सुटली.

"दोन घंटे! तुले बी?"

"एक तास. गरम पाण्यानं शेकल्यावर."

"मी गोठ्यात म्हशीपाशी बसतो पाठ लावून. लय गरम असते म्हस."

"आणि शिंक आली की?"

"आरारारा, शिंकेचं तर नावच नोको काढू!"

दोघं अशी बोलत सुटली, की कोंडीरामांना वर्तमानपत्र उघडायला निवांतपणा मिळाला. मामांना आजाराचं नाव माहीत नव्हतं. विशीत ते जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलत, त्यानंच पाठ गेली असं सगळे म्हणत. त्याआधीच दुखायला लागली होती, पण बापानं तो आळस मानला आणि एकदा त्यावरून मारलंही. गावात त्यांना वाकडा दशरथ म्हणत. "म्या बी तेच धरलं," ते म्हणाले. "आपल्यानं ओझं झेपलं नाई, म्हून मोडलो."

"मामा, ओझ्यानं नाही होत हे. मी आयुष्यात लॅपटॉपच्या वर काही उचललं नाही. हे रक्तातून येतं."

मामांनी कप उचलला, रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

दीपमालाच्या आईबद्दल त्यांनी स्वतःहून सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी कुणाच्या शब्दावर विसंबली, तो शब्द फिरवून निघून गेला. मावशीकडे पुण्याला धाडलं, बाळंत झाली, संस्थेत ठेवून परत आली. नंतर परतवाड्याला दिली. आता नातवंडं आहेत. नाव मुक्ताई. "तिच्या घरी कोणाले ठाव नाई. संस्थेचं पत्र तिनं मावशीच्या पत्त्यावर घेतलं अन् मले धाडलं. मनली, दशरथा, पाठीचं विचारून राह्यले, ते तुझं हाये, तू जाय."

दीपमालाला वाटलं होतं तेवढं ते टोचलं नाही. आई येणार नाही हे तिनं गुरुवारीच मनात धरून ठेवलं होतं. आणि तिचं लक्ष त्या क्षणी भलतीकडेच गेलं. द्वारकाबाईंनी श्रद्धाला हाक मारली होती, आणि जमिनीवर बसलेली ती पोरगी उठत होती. दोन्ही तळवे मांड्यांवर रोवून, एकेक हात वर सरकवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी.

दीपमाला तिच्यामागे स्वयंपाकघरात गेली. हळूच विचारलं, "रात्री कूस बदलायला उठून बसावं लागतं का गं तुला?"

श्रद्धाच्या हातातली बशी थांबली. तिनं दाराकडे पाहिलं. "तुमाले कोणं सांगतलं?"

"कोणी नाही. कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. नाई, उन्हाळ्यापासून. बाबाले सांगू नोका ताई. बाबा मनतात, मले झालं ते झालं, पोट्टी सरळ हाये ना."

द्वारकाबाई कढईपाशी होत्या. त्यांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "दशरथभाऊ, उद्याची परतीची गाडी नाही. उद्या आपण सगळे दवाखान्यात जाणार आहोत. हो, हिलाही घेऊन."

मामांनी मुलीकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. ते श्रद्धाला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सांगाले नाई पायजे का, माय?"

सोमवारी दुपारी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पाचही जण शिरले. बाई म्हणाल्या, "वरात आणलीत की!" पण दीपमालानं धापा टाकत "हे माझे मामा, ही मामेबहीण" असं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. चार वर्षांत पहिल्यांदा या पेशंटनं घरच्यांची नावं सांगितली होती. दोन तासांनी त्यांनी भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर तीन एक्स-रे ओळीनं लावले. मामांचा कणा एकसंध, बांबूच्या काठीसारखा. दीपमालाचा खालचा भाग चिकटलेला, मानही चिकटू लागलेली, मधला मोकळा. श्रद्धाच्या कमरेच्या सांध्यांच्या कडा नुकत्या कुठे खरखरीत झालेल्या.

"एका घरातले फोटो आहेत," बाई म्हणाल्या. "रक्ताचे रिपोर्ट येऊ देत, पण मला फारशी शंका नाही."

दीपमाला त्या तीन काळ्या फिल्म्सकडे बघतच राहिली. लहानपणी लग्नाकार्यात बायका म्हणायच्या, ही आत्यावर गेलीय, तो आजोबांवर. ती कुणावर गेली, हे कुणी बोलायचं नाही. आजाराचा असा आनंद व्हावा हे तिला चमत्कारिक वाटलं, पण झाला खरा, आणि लपवताही येईना. द्वारकाबाई पुढे झाल्या, मधल्या फिल्मवर बोट ठेवून मामांना म्हणाल्या, "ही आपली."

मामा म्हणाले, "अन् हे ओझ्यानं नाई झालं, हे पक्कं?"

"पक्कं," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसून राहिला असता तर उलट लवकर आखडला असता. तुमचा बाक आता सरळ होणार नाही, पण दुखणं कमी करू. हिला मात्र आपण वेळेत पकडलंय. औषध, रोज व्यायाम, आणि पोहता येतं का?"

श्रद्धाचा चेहरा उजळला. "येते की! विहिरीत! बाबांनंच शिकवलं, अन् मोठी झाल्यावर बाबांनंच बंद केलं."

"मग बाबांनाच पुन्हा सुरू करायला सांगा."

बाहेर पडता पडता मामांनी दारातूनच, अख्खे वळून, विचारलं, "डॉक्टरबाई, ताईचा डोळा वरचेवर लाल होते. ठणकते, उजेड सोसत नाई. त्याचं अन् याचं काई?"

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. "असू शकतं. त्यांना आजच्या आज सांगा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि घरात पाठीचा हा आजार आहे हे आवर्जून सांगायचं. अंगावर काढलं तर नजर जाते."

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच दीपमालानं आपला मोबाइल मामांच्या हातात ठेवला. मुक्ताई दुपारी घरात एकटी असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नंबर लावला, डोळ्याचं सगळं सांगितलं. पलीकडून काहीतरी प्रश्न आला. मामा म्हणाले, "कोण डॉक्टर मंजे? दीपमालाचा डॉक्टर." मग मामांनी फोन कानापासून थोडा दूर धरला आणि सगळ्यांना बारीक आवाज ऐकू आला, "दीपमाला ठेवलं का नाव?"

मामांच्या हातातून द्वारकाबाईंनी फोन काढून घेतला.

"हो, मी ठेवलं. दिव्यांच्या अवसेला घरी आणली म्हणून. मी द्वारका बोलतेय. तुम्ही रडू नका, डोळा आधीच दुखतोय तुमचा. गोरी नाही, उंच आहे, हट्टी आहे, इंजिनिअर झालीय. काय? दात? सातव्या महिन्यात आले. कावीळ झाली होती चौथीत, पण निभावलं. हो, आमटी आवडते, भात नाही फारसा..."

"आई, दे ना इकडे!" दीपमाला पायऱ्यांवर अक्षरशः नाचत होती.

"थांब गं, आम्ही बोलतोय."

पंधरा मिनिटांनी फोन तिच्याकडे आला तेव्हा पाठ केलेलं एकही वाक्य तिला आठवेना. "मी बोलतेय," ती म्हणाली. पलीकडून आलं, "बोल बाई, बोलत राय."

दीपमाला बोलत राहिली. हिंजवडीचं, सहा मजल्यांचं, श्रद्धाच्या पोहण्याचं, जे तोंडाला आलं ते.

मुक्ताईनं त्याच आठवड्यात अमरावतीला जाऊन डोळा दाखवला आणि तो वाचला. बारावी झाल्यावर श्रद्धा पुण्याला कॉलेजला आली, ती द्वारकाबाईंच्याच घरी राहिली. पहाटे दोघी बहिणी तलावावर जात आणि पाण्यातून बाहेर यायला कुरकुरत. मुक्ताई मात्र पुण्याला आली नाही. ती रविवारी दुपारी, घर निजलं की, फोन करते. दीपमालानं उचलला तर दोन मिनिटं पाठीची, औषधांची चौकशी करते, आणि मग जरा घुटमळत विचारते, "द्वारकाबाई हायेत का घरी?"