कळशीतून उजनीला

पणदऱ्यात अजितच्या मळ्यात एक जुनी विहीर होती. शेततळं झाल्यापासून तिच्याकडं कुणी फिरकत नसे. फिरकायची ती फक्त त्याची नऊ वर्षांची लेक, स्वरदा. कारण तिची मैत्रीण त्या विहिरीत राहायची.

गावात अशा पाण्यातल्या परीला आसरा म्हणतात आणि तिला जरा भिऊनच असतात. स्वरदा मात्र भ्यायली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत तिची चप्पल विहिरीत पडली, तेव्हा वीतभर उंचीची, ओल्या केसांची एक बाई ती चप्पल डोक्यावर घेऊन पायरीपाशी आली.

"तुझीच ना?"

"माझीच," स्वरदा म्हणाली. "एवढीशी तू, आन् तुला हे पेलतं?"

दोघी हसल्या. तेव्हापासून शाळा सुटली की स्वरदा विहिरीवर. ती शाळेतल्या गमती सांगायची आणि आसरा तिला पोहायला शिकवायची. घरी यातलं काहीच माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये एकदा जेवताना अजित म्हणाला, "सोमवारी जेसीबी येतोय. विहीर बुजवून तितं माल ठेवायला शेड टाकू."

दुसऱ्या दिवशी स्वरदानं ते आसरेला सांगितलं.

"मला आपली आपण जाता येत न्हाय," आसरा म्हणाली. "हितल्याच पाण्यात बसवून कुणी न्यावं लागतं. आन् मला कोण नेणार?"

"मी नेते की."

स्वरदानं घरून तांब्याची कळशी आणली, अर्धी भरली, आसरेला आत बसवलं आणि शेततळ्यात सोडलं. पण सकाळी जाऊन पाहते तर आसरा कडेला अंग चोरून बसलेली.

"खाली नुसता प्लास्टिकचा कागद हाय गं. माती न्हाय, मासा न्हाय. पाय कशावर टेकू?"

स्वरदाला शाळेची सहल आठवली. रोहित पक्षी पाहायला सगळे उजनी धरणाच्या पाण्यावर गेले होते. "उजनीला जाऊ. तितं पाणी बी हाय आन् माती बी."

"तितं माझ्या वळखीचं कुणी न्हाय."

"मी तरी कुठं वळखीची होते?"

स्वरदानं विहिरीचं पाणी आणून तिला पुन्हा कळशीत घेतलं.

अजितची पिकअप भोपळी मिरची घेऊन इंदापूरला निघाली होती. स्वरदा कळशी घेऊन गाडीपाशी उभी राहिली.

"मला बी यायचंय, पप्पा. बाजार झाला की पळसदेवला उजनीच्या पाण्यावर थांबायचं. कळशीत आपल्या विहिरीतली आसरा हाय."

अजितनं आत डोकावून पाहिलं. त्याला नुसतं पाणी दिसलं. पण पोरगी खोटं बोलत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याची आई त्याच विहिरीवर नारळ वाढवायची, तेव्हा तोही शेजारी हात जोडून उभा राहायचा.

"मला तर काय दिसंना," तो म्हणाला. "विहीर बुजवायचं ठरवायच्या आधी मी तिला इचारायला पाहिजे होतं का?"

"व्हय. आता गाडी हळू चालवा, पाणी सांडंल."

पळसदेवला पोचले तेव्हा पाणी बरंच आत हटलं होतं. काठाला सगळा चिखल.

"हितं मी रुतीन," आसरा म्हणाली. "खोल पाणी पाहिजे."

स्वरदा कळशी घेऊन पाण्यात शिरली. पाणी छातीला लागलं तशी तिनं कळशी पुढं तरंगत सोडली आणि ती ढकलत पोहू लागली.

"स्वरदा, माघारी फीर," मागून अजित ओरडला. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. तरी तो कपड्यांसकट गळ्याइतक्या पाण्यात आला होता.

"येते, पप्पा. दोनच मिनिटं."

तिनं कळशी कलती केली. आसरा बाहेर आली आणि जवळच पाण्यातून तिच्याएवढीच चार-पाच डोकी वर आली. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या विहिरींतल्या आसरा होत्या त्या.

"कुठली गं तू?" एकीनं विचारलं.

"पणदऱ्याची."

"ये. हितं जागेला काय कमी न्हाय."

आसरेनं स्वरदाच्या गालाला हात लावला आणि ती त्यांच्यात गेली.

काठावर अजितनं लेकीला जवळ ओढून घेतलं. श्वास जागेवर आल्यावर त्यानं विचारलं, "पोहायला कुणी शिकवलं?"

"तिनंच."

अजित म्हणाला, "एकटीनं पाण्यात उतरायचं न्हाय. आन् मला बी शिकव."

मे महिन्यात बाजार करून येताना बापलेक पळसदेवला थांबू लागले. पहिल्याच खेपेला आसरेला यायला उशीर झाला. नव्या मैत्रिणींशी गप्पा अर्ध्यावर टाकून ती आली होती. स्वरदाला थोडं वाईट वाटलं. मग तिनं त्या सगळ्यांची नावं विचारून घेतली.