आरशातला भाऊ

मित्रांनो, मी एका रेणूचा जुना लाकडी नमुना आहे. वसईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात पंचवीस वर्षं उभा आहे. थकलोय आता. पण माझ्या जुळ्या भावाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्हाला पापडी गावच्या, इथे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या फर्डिनंड सरांनी घरी बसून बनवलं. मध्ये लाल गोळा, तो कोबाल्ट. त्यातून वर, खाली आणि चार बाजूंना निघालेल्या सहा काड्या. टोकांना निळे मणी, ते नायट्रोजन. शेजारचे दोन-दोन मणी जोडणाऱ्या तीन वाकड्या तारा. भाऊ अगदी तसाच, फक्त त्याच्या तारांचा पीळ माझ्या उलट. माझ्यासमोर आरसा धरला की आत तो दिसायचा. डाव्या-उजव्या चपला जशा, तसे आम्ही. कसेही फिरवा, एकावर एक तंतोतंत बसायचो नाही.

"यालाच प्रकाशीय समघटकता म्हणतात," सर सांगायचे. "रंग तोच, वजन तेच. पण एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश एक उजवीकडे वळवतो, दुसरा तितकाच डावीकडे."

बारावीची पोरं आम्हाला फिरवून फिरवून दमायची आणि मग एकदम उमगलं की हसायची. ते हसू मला फार आवडायचं.

सर निवृत्त झाले. पडद्यावर चित्रं आली, मग आम्हाला कोण विचारतो? तारा गंजल्या. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत भावाच्या तिन्ही तारा गळून पडल्या. प्रयोगशाळेतल्या जयवंती मावशींचा हात मोठा नीटनेटका. त्यांनी नवी तार आणली आणि माझ्याकडे बघत बघत भावाला बांधली. अहो मावशी, उलट बांधा, असं मी मनातल्या मनात किती विनवलं. पण लाकडाचं कोण ऐकतं?

पुढे कपाट आवरताना, आता रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ज्ञानदा मॅडमनी आम्हाला शेजारी ठेवून पाहिलं. "दोन्ही सारखेच आहेत. एक भंगारात द्या, जागा तरी होईल." भाऊ गेला. त्याच्या वेगळेपणाची खूणच अंगावर उरली नव्हती.

परवा तासाला फ्लॉसी नावाच्या मुलीने मला उचललं. "मॅडम, याची जोडी कुठेय? माझे पप्पा इथेच शिकले. त्यांना सरांनी दोन दाखवले होते."

जयवंती मावशी दारात थबकल्या. "ते दोन येगळे होते? मी तर याच्याकडं बघून बांदला त्याला. म्हटलं, भाव-भाव सारके दिसू दे."

मॅडम मावशींकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मावशी, तुमचं काय चुकलं? टाकायच्या आधी मीच विचारायला हवं होतं."

फ्लॉसीने पिशवीतून छोटा आरसा काढून माझ्यासमोर धरला. आत तो होता, जुन्या उलट्या पिळाचा. वर्ग हसला, अगदी पूर्वीसारखा. मला मात्र रडू आलं.

मित्रांनो, मोडलेलं जरूर सांधा. पण शेजाऱ्याकडे बघून सांधू नका. ते मुळात कसं होतं, हे आधी कुणाला तरी विचारा. आता मॅडमनी तो आरसा माझ्यासमोर कायमचा ठेवलाय. भाऊ रोज दिसतो. पण त्याला हातात घेऊन फिरवून बघायला गेलेल्या पोरांच्या बोटांना नुसती काच लागते.