दाराची खाच

"अहो, दाराची खाच कशाला पाडलीत?"

मी विचारलं तसा कास्मियोंच्या हातातला सुरा थांबला. त्यांनी बांबूच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. दोन्हींत आतल्या बाजूने, वरपासून खालपर्यंत सरळ खाच. पिंजऱ्याचं सरकतं दार वरून पडतं ते अशाच खाचांतून.

"अरेच्चा! हात गेला बघ," ते हसले. "पंचेचाळीस वर्षं पाडतोय. डोळे गेले, हात आपला चालूच."

"म्हणे दार नाही लावायचं, आणि दाराची जागा तयार!"

"राहू दे. रिकामी खाच काय कुणाला खातेय?"

मलाही ते पटलं आणि मी भात उतरवायला आत गेले.

कास्मियो, माझा नवरा, पिंजरेवाला. आमच्याकडे म्हणतात, पुरुषाला पाच गोष्टी लागतात: घर, बायको, घोडा, कट्यार आणि पाखरू. लग्नात मी म्हटलं होतं, चला, घराच्या मागे पण घोड्याच्या पुढे तरी नंबर लागला! घोड्याची आता मोटरसायकल झाली, कट्यार कपाटात गेली, पण पाखरू मात्र प्रत्येक घरापुढे टांगलेलं हवंच. त्या पाखरांची घरं आमच्या ह्यांनी बांधली. माझ्या कानातले पिंजऱ्यांवर झाले, आमच्या पोराचं, प्रानोतोचं शिक्षण पिंजऱ्यांवर झालं. उगाच साळसूदपणा कशाला करू?

मग ह्यांना काचबिंदू झाला. दोन वर्षांत सगळं काळं. दिवसभर मागच्या अंगणातल्या बाकड्यावर बसून राहायचे. एकदा म्हणाले, "प्रानोतोच्या आई, अंगण मुकं झालंय गं."

मी शेजारी बसून ऐकलं. कोंबड्या होत्या, पाण्याचा पंप होता, रस्त्यावरची मोटरसायकल होती. पाखरू ओरडत होतं ते शेजारच्या लास्मीबाईंच्या पडवीतल्या पिंजऱ्यात. झाडावर काहीच नव्हतं. मी सून म्हणून आले तेव्हा ह्याच पेरूवर बुलबुलांचा इतका गोंगाट असायचा की सासूबाई झाडू फेकून मारायच्या. तो कधी थांबला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"सगळी आत गेली," हे म्हणाले. "माझ्याच पिंजऱ्यांत. मरायच्या आधी एक तरी पाखरू माझ्या बांबूवर आपणहून यावं, खाऊन आपणहून जावं. एवढं बघायचंय." मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे ऐकायचंय."

म्हणून ही पाखरांची पाणपोई. वर नारळाच्या झावळीचं छप्पर, आत पपईसाठी ताटली, पाण्याला करवंटी. मांजर शिरू नये म्हणून तीन बाजूंना बारीक काड्या आणि चौथी बाजू उघडी. सगळं चाचपून केलेलं. तीन आठवडे लागले, बोटं कापली ती वेगळीच. पेरूच्या फांदीला टांगली तेव्हा लास्मीबाई कुंपणावरून म्हणाल्याच, "करून करून भागले आणि देवपूजेला लागले!" मी म्हटलं, "तुमचं अजून करून भागायचंय वाटतं." पण शब्द लागला, खोटं कशाला बोलू.

अकरा दिवस पपईवर मुंग्या फिरल्या. बाराव्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते, तर ह्यांनी बसल्या जागेवरून एक बोट वर केलं. मी हात तसेच राखेत ठेवून थांबले. बुलबुलांची जोडी होती. एक आत जाऊन टोचे मारत होता, दुसरी फांदीवर राखण करत होती. मग पाळी बदलली. खाल्लं, चोच पुसली आणि भुर्र.

"दोन होते ना?"

"दोन."

"नर तरुण आहे. आवाज अजून फुटतोय." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मेलेल्या डोळ्यांनाही रडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ती जोडी रोज येऊ लागली. ह्यांचं जेवण सुधारलं. रविवारी प्रानोतो आला. हा आमचा एकुलता एक. पलीकडच्या गल्लीत राहतो, पाखरबाजारात गाळा आहे, बुलबुलांना गायला शिकवून स्पर्धांना उतरवतो. पेरूखाली उभा राहून त्याने पाणपोई निरखून पाहिली, खाचेतून नख फिरवलं.

"बाबा, खाच काय सरळ आलीय! डोळसाला जमायची नाही."

हे लहान मुलासारखे खूश झाले. मीही झाले. पोराने बापाचं कौतुक केलं, त्यात वाईट काय दिसणार?

बुधवारी लास्मीबाईंकडे त्यांचा दीर वारल्याच्या सातव्या दिवसाचं जेवण होतं. गल्लीतल्या बायका कांदे सोलायला, नारळ खवायला गेल्या, मीही गेले. तासाभरात परत आले, तर हे पेरूखाली अनवाणी उभे. पाणपोईच्या उघड्या बाजूला हात लावलेला. तिथे आता दार होतं. काड्यांचं, हलकं, खाचेत अगदी चपखल बसलेलं. त्याची दोरी आमच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत गेली होती.

"टक्क वाजलं," हे म्हणाले. "मला कळलं. आयुष्यभर दारं आपटून कानाने तपासलीत गं मी. उठेपर्यंत नेला त्याने."

"कुणी?"

"आपल्या पोराच्या मोटरसायकलचा आवाज मला कळत नाही का?"

संध्याकाळी मी प्रानोतोला बोलावून घेतलं. यायला तो लाजला नाही.

"नर विकला गेला, आई. असा रानचा आवाज हल्ली मिळतो कुठे?"

"मेल्या, बापाचं पाखरू होतं ते!"

"बापाचं कसं? रानातलं होतं." मग तो बापाकडे वळला. "पाच गोष्टी कुणी शिकवल्या मला? आणि इतकी वर्षं पिंजरे विकलेत, त्यांत लोकांनी काय वारा भरला?"

पोरगं खरं बोलत होतं, म्हणूनच मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

"रागावू नका," जाताना तो मऊ आवाजात म्हणाला. "बाजारात सगळ्यांना पाणपोईचा फोटो दाखवला मी. छप्पर, पपई, तीन बाजू बंद. पाखरू बेलाशक शिरतं. वीस जणांनी मागितलाय, बाबा. कास्मियो पिंजरा म्हणतात त्याला! तुम्ही नुसतं सांगा, बनवायला मी माणसं लावतो."

"प्रानोतो, जा आता," हे म्हणाले. एवढंच.

मादी तीन दिवस येत राहिली. आत शिरत नव्हती, फांदीवर बसून हाका मारायची. हे कानांवर हात ठेवून बसायचे. चौथ्या दिवशी ती आली नाही.

मग ह्यांनी पाणपोई उतरवून घेतली, दार उपसून काढलं आणि सुरा मागितला. बांबूच्या बारीक कामट्या काढल्या, डिंक लावून दोन्ही खाचांत ठोकून बसवल्या, वरून घासलं. पाच दिवस गेले. माझा हात धरून पट्टीवरून फिरवला. "लागतं काही?" काहीच लागत नव्हतं. जणू तिथे कधी खाच नव्हतीच. पाणपोई परत पेरूला टांगली.

पण तोवर गल्लीत घरटी एक कास्मियो पिंजरा लागला होता. तसंच छप्पर, तशीच पपई. लास्मीबाईंच्या पेरूवरही. आमच्या एकट्याच्या खाचा बुजवलेल्या, हे पाखरांना कोण सांगणार?

मी रोज सकाळी पपईची फोड ठेवते. रोज संध्याकाळी हे चाचपडत येतात, ताटलीत बोटं घालतात. महिनाभर फोड जशीच्या तशी लागायची. गेल्या सोमवारपासून मी दुपारी, हे झोपले की जाते आणि अंगठ्याच्या नखाने फोडीला टोचे मारते. चार इथे, पाच तिथे. निघालेला गर खाऊन टाकते.

आवाजावरून पाखराचं वय सांगणाऱ्या माणसाला न आलेलं पाखरू कळत नसेल?

काल त्यांनी फोडीवरून बराच वेळ बोट फिरवलं. एकेका टोच्यात घालून पाहिलं.

"आलं होतं वाटतं," ते म्हणाले.

"हो."

"उद्या जरा जास्त पिकलेली ठेव," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.