न दिलेला निरोप

मास्तरीणबाईंनी छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. चाळीस-पंचेचाळीस पोरं त्यांनी नुसते डोळे वटारले की चिडीचूप व्हायची. मुख्याध्यापकसुद्धा त्यांना जरा दबूनच असत. त्यांचं ऐकलं नाही ते आयुष्यात एकाच माणसानं, आणि त्याच्याशी त्यांचं लग्न झालं होतं.

नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. सगळे त्यांना मशीनवाले म्हणत. खांद्याला पिशवी अडकवून घरोघर जायचं, मशीन उघडायचं, तेल घालायचं, गप्पा मारायच्या आणि समोर येईल तो गोड चहा प्यायचा. मधुमेह निघाल्याला एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षं मास्तरीणबाई सांगत होत्या, बिस्किटं सोडा, चालायला जा, वरून मीठ घेऊ नका. त्यांनी साखरेचा डबा लपवला, मशीनवाल्यांनी तो शोधून काढला. त्यांनी भिंतीवर पथ्याचा तक्ता लावला, त्याच्या कोऱ्या जागेत मशीनवाल्यांनी गिऱ्हाइकांचे फोन नंबर लिहून ठेवले.

मग एका तपासणीत लघवीतून प्रथिनं जात असल्याचं निघालं. साखरेनं मूत्रपिंडाला धक्का लागला होता. नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांना मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे अशाच रुग्णांवर एका नव्या गोळीचं संशोधन चाललं होतं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कोणती मिळतेय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. मशीनवाल्यांनी कागद वाचून घेतले, चार प्रश्न विचारले आणि सही केली.

या संशोधनाचं सगळं बघायच्या त्या सिस्टर. चाळिशी उलटलेल्या, उंच, आवाज संथ. महिन्यातून एकदा त्या रक्त आणि लघवी तपासायला घ्यायच्या, रक्तदाब बघायच्या आणि छापील कागदावरचे प्रश्न एकेक करून विचारायच्या. मधूनमधून फोनही करायच्या.

आणि मशीनवाले बदलले. सकाळी सहाला उठून चालायला जायला लागले. बिस्किटांचा पुडा कुणी पुढे केला तर हात जोडायला लागले.

"सिस्टर म्हणाल्या, वरून मीठ घ्यायचं नाही," एकदा जेवताना त्यांनी मिठाची वाटी बाजूला सारली.

"मग मी इतकी वर्षं काय म्हणत होते?"

"तू ओरडून म्हणायचीस."

नवऱ्याची तब्येत सुधारतेय, खरं तर आनंद व्हायला हवा होता. होतही होता, पण त्याच्या तळाशी काहीतरी जळत होतं. 'सिस्टर म्हणाल्या' हे दोन शब्द कानावर पडले की त्यांच्या हातातली भांडी जरा जोरात आपटायची. सिस्टरांकडे जायच्या दिवशी मशीनवाले इस्त्रीचा शर्ट घालतात, हेही त्यांनी टिपून ठेवलं. तसला काही संशय त्यांच्या मनात नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं. निदान भांडता तरी आलं असतं. नवरा दुसऱ्या बाईचं ऐकतो म्हणजे औषधं वेळेवर घेतो, ही तक्रार करायची कुणाकडे? मुलीला फोनवर सांगून बघितलं, तर ती हसतच सुटली.

चौथ्या महिन्यातल्या तपासणीला, एका बुधवारी, त्याही बरोबर गेल्या. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या. दार नीट लागलं नव्हतं.

"पायांची जळजळ होते?" सिस्टर विचारत होत्या.

"होते. रात्री फार. मग उठून गार फरशीवर उभा राहतो."

मास्तरीणबाई सरसावून बसल्या. एकाच खोलीत झोपत असून त्यांना याचा पत्ता नव्हता.

"आजाराची चिंता वाटते? अजिबात नाही, कधीकधी, की सतत?"

मशीनवाल्यांचा आवाज आला, पण त्यांचा नेहमीचा नव्हे. "सतत लिहा. माझे वडील याच दुखण्यानं गेले, सिस्टर. मूत्रपिंडं गेली. अंग सुजलं होतं, शेवटी मला ओळखतही नव्हते. मी घरी सगळ्यांना हृदयविकार सांगितलाय. बायकोलासुद्धा." आणि मग ते रडले. दारापलीकडे, छापील कागद घेऊन बसलेल्या त्या बाईसमोर.

सदतीस वर्षांच्या संसारात मास्तरीणबाईंनी नवऱ्याला रडताना पाहिलं नव्हतं. सासरे हृदयविकारानं गेले, असं त्यांनीही कितीतरी जणांना सांगितलं होतं. मशीनवाले डोळे पुसून बाहेर आले तेव्हा त्या उठून चालायलाच लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवाले एका शिवणवर्गात मशीन बघायला गेले आणि मोबाइल घरीच विसरले. अकराच्या सुमारास तो वाजला. मास्तरीणबाईंनी उचलला.

"कालचा रिपोर्ट आलाय," सिस्टर म्हणाल्या. "रक्तातलं पोटॅशियम वाढलंय. संशोधनाची गोळी आजपासून बंद करायची. केळी, टोमॅटो अजिबात नको. उद्या सकाळी आठ वाजता परत रक्त द्यायला यायला सांगा. नक्की सांगाल ना?"

"सांगते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

सांगायचंच होतं त्यांना. फोन ठेवताना मनात एवढंच आलं की पहिल्यांदाच सिस्टरांचा शब्द आपल्या हातावर येऊन थांबलाय. आपण सोडू तेव्हा पुढे जाईल. जेवताना सांगू, असं त्यांनी ठरवलं.

मशीनवाले दुपारी आले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "सिस्टरांचा फोन आला होता का गं?"

घरात पाऊल टाकल्यावर पहिला शब्द हा. पाणी नाही, जेवण नाही, बायको कशी आहे ते नाही.

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

एकच शब्द. तो तोंडातून गेला आणि त्यानंतर खरं सांगणं दर तासाला अवघड होत गेलं. संध्याकाळी नवऱ्यानं गोळी घेतली. त्यांनी पाण्याचा पेला भरून दिला. वाढलंय म्हणजे जरासंच वाढलं असेल, त्या स्वतःला समजावत राहिल्या. ही इस्पितळातली माणसं उगीच घाबरवतात.

शुक्रवारी सकाळी नऊला मोबाइल वाजला. मशीनवाले अंघोळीला गेले होते. पडद्यावर सिस्टरांचं नाव होतं. मास्तरीणबाईंनी आवाज बंद केला आणि मोबाइल पालथा घातला. तो टेबलावर थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरला. त्यांनी स्वतःचाही मोबाइल बंद करून ठेवला.

दुपारी मशीनवाले जेवून उठायला गेले आणि पुन्हा खुर्चीत बसले. "पायांत जीवच नाही गं आज," ते हसत म्हणाले. "मशीनचा पट्टा सैल झाल्यासारखं वाटतंय."

मास्तरीणबाईंनी हातातली ताटं खाली ठेवली. सांगायला हवं, या क्षणी सांगायला हवं. पण काय म्हणून? काल विचारलंत तेव्हा खोटं बोलले म्हणून? त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "पडा जरा वेळ." छत्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवणाऱ्या त्या बाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

चारच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. दारात सिस्टर उभ्या होत्या. जिने चढून त्यांना धाप लागली होती.

"फोन का उचलत नाही तुम्ही?" त्यांनी आत येत मशीनवाल्यांना विचारलं. "सकाळी किती वाट बघितली. शेवटी कागदावरचा पत्ता बघून आले. गोळी घेतलीत का काल?"

"घेतली की. का?"

"अहो, बंद करायला सांगितली होती! काल बाईंना सगळं सांगितलं मी."

मशीनवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. "हिला? हिच्या लक्षातून गेलं असेल, सिस्टर. वय झालं आमचं."

नवऱ्यानं सुटकेचं दार उघडून दिलं होतं. त्यातून सहज निसटता आलं असतं.

"लक्षातून नाही गेलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी सांगितलं नाही."

भांडायला कुणालाच वेळ नव्हता. सिस्टरांनी खालून टॅक्सी बोलावली, दोघींनी दोन बाजूंनी धरून मशीनवाल्यांना उतरवलं. इस्पितळात त्यांच्या छातीला वायरी लावल्या, शिरेतून औषधं सुरू केली. पोटॅशियम आणखी चढलं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात सिस्टर मास्तरीणबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. संथ आवाज कुठल्या कुठे गेला होता. "आणखी थोडं वाढलं असतं तर हृदय बंद पडलं असतं, बाई. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मला तुमच्यावर खूप ओरडायचंय. पण आधी हे लिहावं लागेल." त्यांनी कागद काढला. "बंद सांगूनही गोळी घेतली गेली. कारण काय लिहू?"

"निरोप मिळाला होता. घरच्या माणसानं मुद्दाम दिला नाही."

'मुद्दाम'पाशी सिस्टरांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं, मग सगळं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि आत निघून गेल्या. धीराचा शब्द नाही, काही नाही. मास्तरीणबाईंना ते योग्यच वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोटॅशियम उतरलं आणि रविवारी मशीनवाले घरी आले. चार दिवस ते बायकोशी बोलले नाहीत. टेबलावर एक जुनं मशीन उघडून बसले, सगळे भाग काढून पुसले, पुन्हा बसवले, पुन्हा काढले. पाचव्या दिवशी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही तिच्यापाशी रडलात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दार उघडं होतं. तुमच्या वडलांचं तिला सांगितलंत. माझ्याशी सदतीस वर्षं खोटं बोललात आणि तिला चार महिन्यांत सांगितलंत."

मशीनवाल्यांनी फडक्याची घडी घातली. "तुला सांगितलं असतं ना, तर तू लगेच उपाय सांगितले असतेस. हे करा, ते करा, आधीच करायला हवं होतं. मी बरोबर असतो की चूक, एवढंच ठरलं असतं. त्या बाई विचारतात, लिहून घेतात आणि गप्प बसतात. मला कुणीतरी गप्प बसायला हवं होतं."

यावर मास्तरीणबाईंकडे उत्तर होतं. तीन-चार होती. त्यांनी एकही दिलं नाही, पण डोळ्यांतलं पाणी काही त्यांना आवरलं नाही.

"जीव गेला असता माझा," मशीनवाले म्हणाले.

"हो."

"पुन्हा असं करशील?"

"नाही."

पुढच्या तपासणीला पोटॅशियम ठीक निघालं. वरच्या डॉक्टरांनी कमी ताकदीची गोळी सुरू करायला परवानगी दिली, पण रक्त दर आठवड्याला बघायचं ठरलं. सिस्टरांनी कागदांमधलं एक पान काढलं. घरच्या माणसाचा नंबर म्हणून तिथे मास्तरीणबाईंचा नंबर होता. सिस्टरांनी त्यावर लाल रेघ ओढली.

"दुसऱ्या कुणाचा तरी द्या," त्या मशीनवाल्यांना म्हणाल्या.

मास्तरीणबाई शेजारीच बसल्या होत्या. पोरांच्या वह्यांवर त्यांनी अशा लाल रेघा हजारांनी ओढल्या असतील, पण त्या कशा लागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मुलीचा लिहा," मशीनवाले म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि हिचाही राहू द्या."

"नक्की?"

"नक्की."

सिस्टरांनी आधी मुलीचा नंबर लिहिला आणि त्याखाली मास्तरीणबाईंचा. दुसऱ्या जागी.

संशोधन पुढे सव्वा वर्ष चाललं. ते संपल्यावर कुणाला कोणती गोळी होती ते सांगणारं पाकीट उघडलं, तेव्हा मशीनवाल्यांची गोळी खरी होती असं निघालं. लघवीतली प्रथिनं निम्म्यावर आली होती. सगळ्यांचे आकडे मिळून त्या गोळीबद्दल काय ठरेल ते ठरायला अजून वेळ होता. शेवटच्या दिवशी मशीनवाल्यांनी सिस्टरांचे दोन्ही हात धरले. मास्तरीणबाईंनाही आभार मानायचे होते आणि त्यांनी मानले, मनापासून मानले. तरीही छातीत तीच जुनी कळ उठून गेली.

रस्त्यावर आल्यावर मशीनवाल्यांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "काय झालं?"

"हेवा वाटला."

"अजून?"

"अजून."

मशीनवाले हसले. काही पावलं नुसतेच चालले आणि मग स्वतःहून वडलांबद्दल सांगायला लागले. आजारपणाचं नाही; वडील शीळ कशी घालायचे, पोहायला कसे घाबरायचे, असलं काहीबाही. बसथांब्यापर्यंत ते बोलत होते. मास्तरीणबाईंना दोनदा मध्येच बोलायची फार उबळ आली. पहिल्यांदा त्यांनी ती दाबली. दुसऱ्यांदा जमलं नाही.