नावावरचा टेलिफोन

महादेवीअक्कांनी पिठाची गिरणी थांबवली, टेलिफोनच्या यंत्रातून वायर उपसली, ते जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि बाजरीच्या पिंपात खोल पुरले. मग गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला.

सकाळी दळण न्यायला आलेला कापडदुकानदार राधाकिशन जाता जाता बोलून गेला होता, "अक्का, तुमीबी आता शेठाणी झाल्या! ज्याच्या नावावर फोन, त्यानं इन्कम टॅक्सचा रिटर्न भरायचा. जुलै संपायच्या आत. न्हाई भरला तर सायब जीप घेऊन दारात."

तो हसला होता. अक्कांना हसू आले नाही. घर, गाडी, टेलिफोन अशा सरकारने ठरवलेल्या सहा गोष्टींपैकी एक जरी नावावर असली, तरी उत्पन्न कितीही कमी असो, विवरणपत्र द्यावे लागे. आणि २००१ च्या त्या वर्षी हा नियम अंबाजोगाईसारख्या लहान शहरांनाही लागू झाला होता. फोन नवऱ्याने हौसेने त्यांच्या नावावर घेतला होता. तो वारला, पण नाव कागदावर तसेच राहिले.

त्यांना भीती पैशांची नव्हती. निजामाच्या राज्यात लेव्हीचे, म्हणजे सरकारला सक्तीने द्यायचे धान्य वसूल करणारे दारात आले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी कणगीत किती ज्वारी आहे ते खरेखरे सांगितले होते. शिपायांनी बियाण्याची ज्वारीही पोत्यात भरली. पेरणीच्या दिवसांत सगळे गाव शेतात असताना वडील रिकाम्या हातांनी ओसरीवर बसून असत. घरातले खरे सरकारला सांगायचे नाही, हे त्या लहान मुलीला कोणी शिकवले नव्हते; तरी ते तिच्या हाडांत उतरले होते.

दुपारी तुळजाबाई येऊन पायरीवर बसली. गल्लीत फोन एवढा एकच, त्यामुळे निम्म्या गल्लीने शेजारचा फोन म्हणून हाच नंबर लग्नपत्रिकांवर आणि नोकरीच्या अर्जांवर दिलेला होता. फोन वाजला की अक्का दारातून हाक मारत. तुळजाबाईची मुलगी करिष्मा नवऱ्याबरोबर साताऱ्याकडे वीटभट्टीवर होती आणि तिचे बाळंतपणाचे दिवस भरले होते.

"जावई म्हनले, पोट दुखाया लागलं की फोन करतो. आला का वं?"

"लाईन बिघडली हाय," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"मग मी बसते. सुधरंल की."

ती बसूनच राहिली. अक्का दळत होत्या, पण पिठावर लक्ष नव्हते; जाड पडलेले दळण त्यांनी दोनदा परत टाकले. तेवढ्यात दारासमोर जीप थांबली. अक्कांच्या हातातला डबा सुटला आणि पीठ जमिनीवर सांडले. जीपमधून केज गावाहून आलेली माणसे उतरली, रस्ता विचारून दवाखान्याकडे निघून गेली.

तुळजाबाई पीठ भरायला आत आली आणि तिला भिंतीवर लोंबणारी मोकळी तार दिसली. तिने खोलीभर नजर फिरवली.

"अक्का, फोन कुठं हाय?"

अक्कांनी पिंपाकडे पाहिले.

"कावून? माजी पोरगी तिकडं मरंल तर मला कळायचंबी न्हाई?"

"सरकार माजं नाव लिवून घेतंय, तुळजे. कमाई इचारतंय. मी फोनच परत करून टाकते."

"नाव!" तुळजाबाई संतापाने हसली. "माजं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत घाला म्हनून मी तीन साल चकरा मारल्या. तुमचं आपसूक लिवत्यात तर पिंपात लपता व्हय?" बोलता बोलता तिने बाह्या सारल्या आणि बाजरीत कोपरापर्यंत हात घातला.

दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा जोडून, त्याच्याजवळ तुळजाबाईला बसवून अक्का नात्यातल्या रुद्रेशकडे गेल्या. तो कर सल्लागार होता. पदराखाली फोन बंद करण्याचा अर्ज होता. तो कोणाकडून तरी लिहून घेतलेला होता.

रुद्रेशने अर्ज वाचला. "काकू, ह्यानं सुटका नाही. मार्चअखेर संपलेल्या वर्षात फोन तुमच्या नावावर होता. आज काढला तरी त्या वर्षाचा रिटर्न द्यावाच लागेल."

त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"किती घेतील?"

"काहीच नाही. गिरणीचं वर्षाचं उत्पन्न लिहायचं, विजेचा आणि दुरुस्तीचा खर्च वजा करायचा. उरलेलं मर्यादेच्या आत असलं की कर शून्य. पॅन नंबरसाठी अर्ज करू. एकतीस जुलैच्या आत फॉर्म कार्यालयात द्यायचा, पोचपावतीवर शिक्का घ्यायचा आणि ती जपून ठेवायची."

"कमी लिवलं तर?"

"खाली सही तुमची. वरचं सगळं खरं आहे, असा त्या सहीचा अर्थ."

"खरं लिवलं की उरलेलंबी नेत्यात, बाळा. मी बघितलंय."

रुद्रेश हसला नाही. त्याने पेन खाली ठेवले. "पुढं कोण कसं वागेल, त्याची हमी मी देऊ शकत नाही. कायदा सांगू शकतो. ह्या उत्पन्नावर कर नाही."

पलीकडच्या बाकावर दुसरा पक्षकार बसला होता. अक्कांनी त्याच्याकडे पाहिले, खुर्ची पुढे ओढली आणि रुद्रेशच्या कानाशी वाकून वर्षाची कमाई सांगितली. त्याने ती लिहून घेतली. बाहेर कुठली जीप थांबली नाही, बाकावरच्या माणसाने वळूनही पाहिले नाही.

"टेलिफोन नंबर?"

त्यांनी सांगितला. "तुळजाबाईचाबी त्योच हाय. लिव."

"तेवढी जागा नाही, काकू. आणि हा फोन बंद करायचा अर्ज? जाताना टेलिफोन ऑफिसात देऊन येऊ का?"

पायरीवर न बसता आज थेट यंत्रापाशी बसलेली तुळजाबाई अक्कांच्या डोळ्यांसमोर आली.

"त्यो ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "सही कुठं करायची?"

त्याने बोट ठेवले. अक्कांनी पेन घेतले. एकेक अक्षर करत त्यांनी आपले नाव पुरे लिहिले.