पिल्लाची जागा

“पुसून घे गं ते ठसे. असलं गबाळं काम कोण बघणार?” आईचा हा आवाज चित्रकलेच्या बाईंच्या कानात लहानपणीच घर करून बसला होता. म्हणून तर काल शाळा सुटल्यावर त्यांनी दुसरीच्या मुलांच्या मातीच्या चिमण्या ओल्या बोटानं गुळगुळीत केल्या. कुठे बोटाचा ठसा उरला नाही की नखाचा. आज घरची माणसं प्रदर्शन बघायला येणार होती ना!

सकाळी सगळ्यांच्या आधी आली ती वर्गातली सर्वांत बुटकी, टिल्ली. सोबत आजोबा. तिनं टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

“बाई, माझी चिमणी कुठाय?”

“ही काय! खाली नाव आहे की तुझं.”

“ही नाही. माझ्या चिमणीच्या पाठीवर खड्डा होता. अंगठ्यानं केलेला, पिल्लाला बसायला.”

“अगं, वाळताना बुजला असेल,” बाई म्हणाल्या खऱ्या, पण जीभ अडखळली.

आजोबा हसले. “विसरली असेल हो. हिचं डोकं म्हणजे नुसती चाळण!”

टिल्लीनं मुठीतून वाटाण्याएवढं मातीचं पिल्लू काढलं आणि चिमणीच्या पाठीवर ठेवलं. ते घरंगळून टेबलावर पडलं. तिनं ते उचलून बाईंकडे पाहिलं.

“मी विसरले का, बाई?”

बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या.

“नाही गं बाळा. तुला बरोबर आठवतंय. तो खड्डा मी बुजवला, तुला न विचारता.”